चौथा वाडगा

१

हिवाळ्यात ज्वारीच्या आंबट शिरक्याचे रांजण अंगणात उघडे ठेवायचे असतात. रात्री वर बर्फाची चकती धरते, सकाळी ती उचलून भिंतीशी टाकायची. पाणी तेवढं निघून जातं आणि शिरका दाट होतो. हौंच्या घरात हे काम तीन पिढ्या चाललं होतं. रेनशी या घरात सून म्हणून आली त्याला तीस वर्षं झाली, पण एकही हिवाळा तिनं चुकवला नव्हता. नवरा वेनफू शिरका करण्यात हुशार आणि बाकी सगळ्यात घाबरट. त्यामुळे घर चालवणं, भांडणं आणि वेळ आली तर खोटं बोलणं ही तिन्ही कामं तिच्याच गळ्यात पडलेली.

त्या वर्षी चाळीस रांजणांपैकी तीनच भरले होते. चीनच्या शान्शी प्रांतात जपान्यांचा अंमल बसून चार वर्षं झाली होती. पिकलेली ज्वारी सगळी लष्कराच्या कोठारात जायची, आणि बदल्यात नव्या बँकेच्या नोटा मिळायच्या. त्या नोटेला सकाळी शेरभर राळे यायचे, संध्याकाळी अर्धा शेर. डोंगराकडचे लोक ती नोट हातात धरत नसत, आणि जुनी नोट घरात सापडली तर पाठीची सालटी निघत. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

प्रत्येक दारावर एक लाकडी पाटी असे, तीवर घरातल्या माणसांची नावं. हौंच्या पाटीवर चार नावं होती: वेनफू, रेनशी, त्यांचा मुलगा छुनलाय आणि सून ग्वेईलान. दर दहाव्या दिवशी सकाळी अंमलदार यायचा आणि पाटीवरची नावं नि घरातली डोकी जुळवून बघायचा. डोकं कमी भरलं तर माणूस डोंगरात बंडखोरांकडे गेला, जास्त भरलं तर डोंगरातला घरात लपला. दोन्हीला शिक्षा एकच. घरच्या पुरुषाला कोळशाच्या खाणीत पाठवत, आणि शेजारच्या नऊ घरांचं पीठ बंद करत. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, इथे ओल्यालाच आधी काडी लावायची पद्धत होती.

आणि छुनलाय एका मोजणीच्या दुसऱ्याच दिवशी रिकामी पोती आणायला म्हणून गेला, तो परत आला नाही. कुठे गेला हे विचारायची गरज नव्हती.

दोन दिवसांनी लू आला. दहा घरांचा मुखिया. आधी तो लोणची विकायचा. मुखिया व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा त्याला धरून केला.

"वहिनी, छुनलाय दिसला नाही हो दोन दिवसांत."

"ताप आलाय. आत पडलाय."

"तापात जेवण सुटतं का माणसाचं? आमची बायको म्हणत होती, तुमच्या खिडकीतून तीनच वाडगे दिसतात."

"तुमच्या बायकोला दुसऱ्याच्या ताटात डोकवायची सवय जुनीच आहे."

"आहे ना! म्हणून तर सांगतोय. चार मांडा." लूनं आवाज खाली आणला. "तिची जीभ माझ्याच्यानं आवरत नाही, वहिनी. आणि दहा घरांत पहिली मान मुखियाची जाते."

त्या दिवसापासून रेनशी चार वाडगे मांडू लागली. नुसते मांडून भागेना, म्हणून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात हाकही मारू लागली, "छुनलाय, जेवायला ये रे!" दिवसातून दोनदा.

वेनफूला ते आवडलं नाही. वर्षाच्या शेवटच्या दिवशी घरापासून लांब असलेल्या माणसाचा वाडगा मांडायची रीत त्या भागात सगळीकडे होती. त्याला नावानं हाक मारायची, वाडग्यात वाढायचं, आणि घरच्यांचं जेवण झालं की वाडगा उपडा घालून म्हणायचं, "जेवलास, आता जा." वेनफूची आई याबाबतीत फार कडक होती.

"अगं, उपडा तरी घालत जा," तो म्हणाला.

"घालते की. म्हणजे लूची बायको बघेल, आणि पोरगा घरात नाही हे अख्ख्या गावाला कळेल. मग तुम्ही जा खाणीत."

चौथ्या वाडग्यातली राळ्याची पेज जेवणानंतर तिघं वाटून घेत, आणि वाडगा तसाच, तोंड वर करून, फळीवर जाई.

२

मोजणीच्या सकाळी त्यांनी निजायच्या ओट्यावर एक ओंडका आणि कोंड्याचं पोतं ठेवलं, वर छुनलायची रजई पांघरली आणि उशीवर टोपी ठेवली. ते बघून ग्वेईलानला हसू आलं आणि लगेच रडू आलं.

अंमलदार तरुण होता, चष्मेवाला. त्याला सर्दी झाली होती, सारखा नाक पुसत होता. बरोबर दुभाष्या, दोन शिपाई, आणि मागे हात चोळत लू.

"साहेब, मुलाला ताप आहे, तो तिथे..." रेनशीनं सुरुवात केली.

कुणी ऐकलं नाही. अंमलदाराची पेन्सिल वेनफूवर गेली, मग तिच्यावर, मग ग्वेईलानवर. ओट्याकडे त्यानं पाहिलंही नाही. पेन्सिल पुढे सरकली आणि रांजणांच्या खोलीच्या दाराशी थांबली.

"चार," तो म्हणाला. खूण केली, आणि सगळे बाहेर पडले.

वेनफूनं उशीवरची टोपी उचलली. "वाचलो. सर्दीनं वाचवलं."

लू मात्र उंबऱ्यात रेंगाळला होता. तो रुसल्यासारखा दिसत होता. "वहिनी, हे काही बरं नाही केलंत. पोरगा परत आला तर आधी सांगायचं तरी! मी रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही."

"कोण परत आला?"

"आता माझ्याशीही नाटक? तो काय दाराशी उभा होता. माझ्याकडे पाठ होती, पण मी ओळखणार नाही का? लहानपणी माझ्या बरण्या फोडल्यात त्यानं." लू जाता जाता थांबला. "थोडा उंच झालाय का हो?"

रेनशी हसली. हसणं भागच होतं. तो गेल्यावर तिनं रांजणांच्या खोलीचं दार उघडलं. आत सदतीस रिकामे रांजण होते, भिंतीवर कावड टांगली होती, आणि आंबूस वास होता. दुसरं काही नव्हतं. लूला रात्रभर झोप नाही, त्यात भीती. माणसाला काय वाट्टेल ते दिसतं, असं तिनं स्वतःला सांगितलं. आणि अंमलदाराच्या डोळ्यांत सर्दीचं पाणी होतं.

३

तिसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात गेली, तर तिन्ही रांजणांवरचा बर्फ काढलेला होता. चकत्या भिंतीशी एकाला एक टेकवून उभ्या केल्या होत्या. वेनफू चकत्या फेकायचा, त्यांचे तुकडे व्हायचे. उभ्या करायची सवय फक्त छुनलायची.

तिच्या काळजात आनंदाची कळ उठली. पोरगा चोरून येऊन जातोय! ती तडक सुनेकडे गेली.

"खरं सांग. तुला भेटायला येतो ना तो?"

ग्वेईलाननं तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. "आई, आला असता तर मी परत जाऊ दिला असता का त्याला? पायाला दोरी बांधली असती."

ते खरं वाटलं. मग रेनशीनं निजायचा ओटा चाचपला. ओट्याखालची चूल उजव्या टोकाला होती. कोळसा इतका महाग झाला होता की जेमतेम अर्धा ओटा गरम व्हायचा. छुनलायची जागा डाव्या टोकाला, भिंतीकडे. तिथे हात ठेवला तर विटा ऊबदार होत्या. आता विटांची ऊब कुठून कुठे जाईल याचा काय नेम, असं म्हणून तिनं हात काढून घेतला. पण दुपारी तिनं चूल पेटवलीच नाही, आणि संध्याकाळी पुन्हा हात लावून पाहिला. ऊब तिथेच होती.

त्याच आठवड्यात पिठाचा नियम बदलला. आता नुसतं शिध्याचं कार्ड दाखवून चालणार नव्हतं, खायच्या तोंडांनी स्वतः रांगेत उभं राहायचं. मिळायचं ते पीठ तरी काय, निम्मा कोंडा आणि बाकी देवाला ठाऊक कसला भुसा. तिघं रांगेत गेले, तिघांचंच आणायचं म्हणून. वाटपाच्या कारकुनानं चार मापं ओतली.

"अहो, चार कशी?" घाईत वेनफूच्या तोंडून निघून गेलं.

कारकून खेकसला, "मग काय पाच देऊ? चौघं उभे आहात, चौघांचं घ्या आणि सरका! त्या उंच्याला म्हणावं, वाट सोड."

घरी आल्यावर वेनफूनं पिठाची पिशवी फळीवर ठेवली, तिच्यावर हात फिरवला. तो म्हणाला, "जे कुणी आहे ते आपल्याला जगवतंय. विचारायचं नाही."

"अहो, पण आहे काय ते?"

"विचारायचं नाही म्हटलं ना! तीन तोंडांत चार मापं येतायत, ते तुला डोळ्यांत खुपतंय का?"

तीस वर्षांत तो तिच्यावर पहिल्यांदाच ओरडला होता. आणि खरं सांगायचं तर तिलाही त्या चौथ्या मापाची भाकरी गोड लागली. भुकेला विचारून कुणी तत्त्वं ठरवत नाही.

४

दुसऱ्या मोजणीला त्यांनी ओंडका ठेवला नाही. ठेवायला हवा होता असं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

रेनशीनं या वेळी अंमलदारावरून नजर हलवली नाही. पेन्सिल वेनफूवर आली, तिच्यावर आली, ग्वेईलानवर आली. मग अंमलदारानं तिच्या डाव्या खांद्याच्या बाजूला पाहिलं. तिथे मोकळी जागा होती, आणि पलीकडे भिंत. त्याची नजर भिंतीवर नव्हती. ती अलीकडेच कशावर तरी टेकली होती, उंच माणसाच्या छातीएवढ्या ठिकाणी.

त्यानं काहीतरी म्हटलं. दुभाष्या ओरडला, "मान वर कर!"

रेनशीनं मान वर केली.

"तू नाही गं म्हातारे. तो."

खोलीत काही हललं नाही. पण अंमलदाराची नजर हळूहळू वर चढली, त्याच्या स्वतःच्या डोक्याच्याही वर गेली आणि थांबली. मग त्यानं नाक पुसलं, "चार" म्हणाला आणि घाईघाईनं बाहेर पडला. लिहायचंही त्यानं गल्लीत जाऊन लिहिलं.

त्यानंतर घर बदललं. म्हणजे घर तेच, पण वेनफू सकाळी आरामात उठू लागला. "बर्फ काढून झालाय," तो म्हणायचा, आणि कुणी काढला ते बोलायचा नाही. एकदा मात्र सहज बोलून गेला, "छुनलायनं काढला." ग्वेईलान दुपारभर डाव्या टोकाला बसून नवा डगला शिवायची. बाह्या लांब होत्या, फारच लांब. रेनशीनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मापानंच घेतल्यात, आई." आणि तिच्या गालावर, किती दिवसांनी, लाली होती.

आता त्या घरात ज्याला चौथा दिसत नव्हता असं एकच माणूस उरलं होतं. रेनशीला वाटे, आपणच वेडे झालो असू. तीन शहाण्यांत एक वेडा असतो, तीन वेड्यांत एक शहाणा कसा असेल? तिला तेवढं एकच दिसायचं: चौथा वाडगा. त्यातली पेज तशीच्या तशी असायची, वर साय धरलेली. एक घासही कमी होत नव्हता.

पण वाडगा उपडा घालायला तिचा हात धजेना. वाडग्याच्या जोरावर चौथं माप होतं, वेनफूची सुटका होती, नऊ घरांची चूल होती. आणि दिवसातून दोनदा पोराचं नाव मोठ्यानं घेता येत होतं. ते तिला सोडवत नव्हतं.

५

तिसऱ्या मोजणीच्या सकाळी मागच्या भिंतीवरून कुणीतरी धपकन अंगणात पडलं. रेनशी धावली. रांजणांच्या मध्ये छुनलाय पडला होता.

तो वाळून काटकी झाला होता. एका पायाला चिंध्या गुंडाळलेल्या, बोटं थंडीनं काळी पडलेली. त्याच्या अंगाला धुराचा आणि घाणीचा वास येत होता, आणि त्या वासानंच तिला खात्री पटली. तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ती हमसून रडली. "मेल्या, अरे मेल्या," एवढंच तिला म्हणता येत होतं.

"आई, आमची तुकडी फुटली," तो कुजबुजला. "चौघं उरलो होतो, आता मी एकटा आहे. मला दोन दिवस निजू दे."

तिनं त्याला आधार देऊन आत आणलं. ग्वेईलान शिवत होती. तिनं मान वर केली, नवऱ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "पुन्हा बाहेर कशाला गेला होतात? आत्ताच तर आत आलात."

छुनलाय बायकोकडे बघतच राहिला.

एवढ्यात गल्लीतून लूचा आवाज आला, "मोजणी! दारं उघडी ठेवा! साहेब आज लवकर आलेत!"

चौघांच्या जागी पाच. छुनलायला लपवावं तर शिपाई रांजणांत संगिनी घालून बघत. भिंतीवरून परत पाठवावं तर त्या पायानं तो दहा पावलंही जाणार नव्हता. आणि पाच भरले तर पोरगा भिंतीशी उभा करून गोळी, नवरा खाणीत, नऊ घरं उपाशी.

वेनफू कोपऱ्यात उभा राहून एकदा मुलाकडे आणि एकदा ओट्याच्या डाव्या टोकाकडे बघत होता. "दोन... दोन झाले गं," तो म्हणाला.

ती स्वयंपाकाच्या फळीकडे धावली. चौथा वाडगा खाली घेतला, उपडा घातला आणि हात जोडून म्हणाली, "जेवलास. आता जा."

ती वळली. तिच्या पाठीमागे, लाकडावर, मातीचा वाडगा हळूच उलटल्याचा आवाज झाला.

बघायचं नव्हतं, पण तिनं पाहिलं. वाडगा तोंड वर करून ठेवलेला होता, फळीच्या बरोबर मध्यावर. कुणीतरी नीट, अदबीनं ठेवावा तसा.

तिनं पुन्हा उपडा घातला. आवाज पुन्हा झाला. या वेळी तिनं वळून पाहिलं नाही.

बूट शेजारच्या घरात वाजत होते. रेनशीनं डोळे मिटले आणि रिकाम्या स्वयंपाकघराला उद्देशून, आयुष्यात कुणापुढे बोलली नव्हती इतक्या नम्रपणे बोलली, "मी बोलावलं तुला, चूक माझी. जेवलाही नाहीस, तेही मला माहीत आहे. पण ती जागा माझ्या पोराची आहे, ती त्याला दे. तुला जागाच हवी असेल तर माझी घे."

काहीच झालं नाही. फक्त तिला वाटलं, इतके दिवस या घरात जे खूप उंच उभं होतं, ते खाली वाकलं. तिच्या कपाळावर गार श्वास आला.

६

चौघं ओळीत उभे राहिले. वेनफू, ग्वेईलान, तिचा हात घट्ट धरलेला छुनलाय, आणि शेवटी रेनशी. छुनलायच्या अंगावर तो लांब बाह्यांचा डगला होता. त्यात त्याचे हात आणि काळा पाय लपून गेले होते.

पेन्सिल वेनफूवर आली. ग्वेईलानवर आली. छुनलायपाशी अंमलदार थांबला, त्यानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि, काय आश्चर्य, त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं. मग पेन्सिल पुढे आली.

पेन्सिल तिच्या अंगावरून सरकली आणि तिच्या पलीकडे, एक हातभर अंतरावर थांबली. अंमलदार खाली बघत होता, बरोबर तिच्या उंचीवर.

"चार."

बूट गल्लीत गेले, मग पुढच्या घरात, मग त्याच्याही पुढच्या. वेनफू रडत होता, ग्वेईलान हसत होती, छुनलाय भिंतीला टेकून खाली बसला. रेनशीच्या जिवात जीव आला. पोरगा वाचला होता, सगळे वाचले होते. ती म्हणाली, "चल रे बाळा, आधी पाय बघू दे तुझा."

छुनलाय तिच्या पलीकडे बघत होता. त्यानं हात पुढे केला, मोकळ्या हवेत काहीतरी धरलं आणि गालाला लावलं.

"किती गार पडलेत गं हात तुझे, आई," तो म्हणाला.

ग्वेईलाननं जेवण मांडलं. सगळे ओट्यावर बसले. छुनलाय पेजेवर तुटून पडला, दोन घासांत वाडगा रिकामा केला, पुन्हा मागितला. रेनशी ओट्याच्या कडेला उभी होती. तिनं वेनफूचा खांदा धरून हलवला; त्यानं डास बसल्यासारखा खांदा झटकला. आणि तेव्हा तिला ते पहिल्यांदाच दिसलं. तिच्या जागेवर, तिच्याकडे पाठ करून, तिच्याच डगल्यात कुणीतरी बसलं होतं. केसांचा अंबाडा तिच्यासारखाच होता, फक्त उलट्या बाजूला वळवलेला. समोरचा वाडगा भरलेला होता, त्याला हात लागला नव्हता. ती बाई वाडग्याकडे बघतच नव्हती. ती मान पुढे काढून छुनलायकडे बघत होती, महिनाभराचा उपाशी माणूस वाढलेल्या ताटाकडे बघतो तशी.

रेनशी ओरडली. सगळ्या गल्लीला ऐकू जावं इतक्या मोठ्यानं मुलाच्या नावानं ओरडली.

छुनलायनं तोंड पुसलं, समोर पाहिलं आणि मायेनं हसला.

"तूही जेव ना, आई," तो म्हणाला.